कुंडलिकाची शकु म्हणे

इंग्रजीत पास, इतिहासात पास, समाजशास्त्रात तर चक्क फर्स्ट क्लासचे मार्क, आणि मराठीत नापास. शकुच्या घरी हा निकाल तिच्या मुलीने, शीतलने, मोबाइलवर वाचून दाखवला आणि वाचता वाचताच तिला हसू फुटलं.

"मम्मी, यार, मराठीत कोण नापास होतं? तू दिवसभर मराठीतच भांडतेस ना!"

शकुने हातातलं लाटणं तसंच वर उचललं. शीतल मोबाइलसकट बाहेर पळाली.

हसायला हिचं काय जातंय, शकु मनात म्हणाली. शीतल पवईला एका कंपनीत गारव्यात बसून काम करते. शेहेचाळिसाव्या वर्षी पुस्तक उघडायचं आणि तेही पोळ्या, भांडी, नळाचं पाणी हे सगळं उरकून उघडायचं, यातला घाम तिला कसा कळणार?

घाटकोपरच्या डोंगरावर, जिथे रिक्षावाला अर्ध्या चढावर "मावशी, बस इथपर्यंतच" म्हणतो आणि पुढे नुसत्या पायऱ्या लागतात, तिथल्या अंगणवाडीत शकु मदतनीस होती. मदतनीस हा शब्द मोठा गोड. काम मात्र असं: घरोघर फिरून पोरं गोळा करायची, नाकं पुसायची, शी धुवायची, खाऊ वाटायचा, झाडायचं. शिवाय गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या, अक्षरं गिरवून घ्यायची. ही कामं खरं तर सेविकेची; पण सेविका सुगंधाबाई खुर्चीत बसून सरकारी मोबाइलवर माहिती भरत असत आणि ती माहिती काही केल्या भरून संपत नसे.

या सुगंधाबाई दिवाळीनंतर निवृत्त होणार होत्या. मदतनिसाला सेविका होता येतं, तसा नियम होता. पण नियमाचं शेपूट असं की ती बारावी पास पाहिजे. शकुची गाडी दहावीला थांबलेली. म्हणून तिने बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. आता जुलैच्या फेरपरीक्षेत एवढा एक विषय सुटला तर खुर्ची तिची. नाही सुटला तर कोणाची, तेही ठरल्यातच जमा होतं.

"मराठीत गेलीस?" सुगंधाबाईंनी दुसऱ्या दिवशी पोरांसमोरच विचारलं. "अगो, इंग्रजीत गेली असतीस तर चार माणसांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. असो. माझी भाचेसून दहिसरहून इथेच भाड्याने राहायला येतेय. बारावी झालीय तिची. तू तिला पोरांची नावं सांगायला असशीलच."

शकुने केरसुणी इतक्या जोरात आपटली की कोपऱ्यातला धुरळा सुगंधाबाईंच्या चहात गेला. तेवढंच काय ते समाधान.

त्या संध्याकाळी ती पंतनगरला इरावती सामंतांच्या दारात जाऊन उभी राहिली. इरावतीबाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. गिरणीत साचे चालवणाऱ्या मालवणी बापाची ही लेक, घरातली पहिली पदवीधर, आणि आता बहात्तराव्या वर्षी गुडघे सोडून बाकी सगळं धडधाकट असलेली. पोलिओच्या रविवारी शकु इमारतीतली दारं वाजवत हिंडायची, तेव्हापासूनची ओळख. इतर बायका दार अर्धवट उघडून "आमच्याकडे लहान कोणी नाही" म्हणायच्या. इरावतीबाई पाणी द्यायच्या आणि उलटतपासणी घ्यायच्या.

"बस," त्या म्हणाल्या. "व्याकरणात गेलीस की निबंधात?"

"माहीत नाय बाई. सगळं लिहिलं होतं. एक पान कोरं सोडलं नाय."

"रसग्रहणात काय लिहिलंस?"

"जवाब दिला."

"जवाब म्हणजे? प्रश्न काय होता?"

प्रश्न साधा होता. पाठ्यपुस्तकात एक कविता होती, तिच्या दोन ओळी दिलेल्या आणि खाली 'रसग्रहण करा' असा हुकूम. त्या कवितेची शकुला पहिल्या वाचनापासून तिडीक होती. तिने ती धडाधड म्हणून दाखवली, तोंडात कडू गोळी धरल्यासारखी:

*गळते छप्पर, तरी घराला चांदण्यांची झालर,*
*रिकाम्या हाती माय वाढते आभाळाची भाकर.*

"आता सांगा बाई," ती म्हणाली, "छप्पर गळतंय म्हणजे पाऊस आहे. पाऊस आहे तर चांदण्या कुठून आल्या? आणि आभाळाची भाकर! हा कवी कधी गळक्या घरात राहिलाय का? आमच्या इथे जूनला ताडपत्री फाटली की सगळं घर पातेली मांडून बसतं. झालर म्हणे!"

"आणि हे तू पेपरात लिहिलंस?"

"असं नाय लिहिलं. गाण्यात लिहिलं."

इरावतीबाईंनी चष्मा काढला. "म्हणून दाखव."

शकु खुर्चीवरून उठली. बसून जवाब देतात का कुठे? एक हात कानाशी नेऊन तिने ठणठणीत आवाजात सुरू केलं. शेजारच्या गॅलरीतल्या बाईंनी पडदा सारून बघितलं.

*चांदण्यांची झालर म्हणता, या राहाया डोंगरी,*
*ताडपत्री धरून बसा, रात काढा एक तरी.*
*आभाळाची भाकर तुम्ही खा, आम्हां ज्वारी पुरे,*
*कुंडलिकाची शकु म्हणे, कवी, बोला थोडं खरे!*

इरावतीबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांच्या तोंडून कॉलेजातली मराठी निघून गेली आणि गिरणगावातली मालवणी बाहेर आली.

"गो बाय माझे! तू बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत आपला नाव लिवलंस? तां पण बापाच्या नावासकट?"

"मग? गाणं बिननावाचं सोडायचं?"

"अगं, उत्तरपत्रिकेत ओळख उघडी करणं हा गैरप्रकार धरतात! तुझा पेपर तपासणारा कोणी भला माणूस असणार, म्हणून नुसता भोपळा देऊन गप्प बसला. दुसरा असता तर चौकशीला बोलावली असती तुला!"

शकुच्या डोळ्यांसमोर सुगंधाबाईंची भाचेसून खुर्चीत बसून चहा प्यायला लागली. पण चूक काय झाली हे तिला अजून पटलं नव्हतं, आणि ते पटणं अवघडच होतं.

तिचा बाप कुंडलिक जालन्याकडून घाटकोपरला आलेला. दिवसा विक्रोळीच्या एका कारखान्यात पिंपं ढकलायचा आणि संध्याकाळी गायन पार्टीत गायचा. जयंतीच्या दिवसांत मैदानात जंगी सामना लागायचा. एकच स्टेज, दोन पार्ट्या, दोन पेट्या, दोन ढोलक्या. समोरच्या पार्टीने गाणं टाकलं की यांनी त्याच चालीत जवाब टाकायचा. समोरचं गाणं ऐकून जो नुसती मान डोलवत बसला तो हरला, असं कुंडलिक लेकीला सांगायचा. आणि शेवटच्या कडव्यात नाव घालायचंच. नाव नसलेलं गाणं म्हणजे दार नसलेलं घर. कोणीही उचलून नेईल. शकु लहानपणी कोरसमध्ये बसून टाळ्या वाजवायची. कुंडलिकाने 'कुंडलिक म्हणे' म्हटलं की लोक शिट्ट्या मारायचे आणि ती मान ताठ करायची. कविता समोर आली की तिला जवाबच द्यायचा असतो, हे तिच्या अंगात भिनलेलं. पुस्तकातल्या कवीला जवाब द्यायचा नसतो, हे तिला कोण सांगणार?

इरावतीबाईंनी सांगितलं. "बोर्ड म्हणजे सामना नाही. तुझ्यासमोर पार्टी बसलेली नाही. तुला कवितेला हरवायचं नाही, ती कशी बांधलीय ते दाखवायचंय. आणि ते दाखवायला शब्द लागतात. उद्यापासून रोज संध्याकाळी ये. रडलीस तर हाकलून देईन."

रडण्यातली शकु नव्हतीच. पण त्या शब्दांनी तिचं डोकं असं काही पिकवलं की विचारू नका.

"ज्याचं वर्णन करायचं ते उपमेय. ज्याच्याशी तुलना केली ते उपमान."

"दोघांची नावं अशी एकसारखी ठेवणाऱ्याला दुसरा काय धंदा नव्हता का बाई? जुळ्यांना तरी लोक वेगळी नावं ठेवतात."

"मुख चंद्रासारखं. मुख काय?"

"उपमान."

"उपमेय! चंद्र?"

"उपमेय."

"शकु!"

"बाई, तुम्हीच तर आत्ता म्हणालात ना उपमेय!"

गाइडात दिलेली उदाहरणं तर आणखी डोकं उठवणारी. कमळासारखे डोळे, सिंहासारखी कंबर. सिंहाची कंबर कोणी बघितलीय, असं शकुने विचारलं आणि इरावतीबाईंना उत्तर देता आलं असतं, पण त्यांचा धीर संपला होता. त्यांनी गाइड उचलून सोफ्याखाली सरकवलं.

"चुलीत जाऊ दे ती कमळं. तुझ्या डोळ्यांसमोर कोण आहे रोज?"

"सुगंधाबाई."

"त्यांचं कर वर्णन."

"त्यांचा आवाज कुकरच्या शिट्टीसारखा आहे."

"ही उपमा. आवाज उपमेय, कारण गोष्ट त्याची चाललीय. शिट्टी उपमान, ती नुसती मदतीला आणली. आता 'सारखा' काढ."

"त्यांचा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी."

"रूपक. दोन्ही एकच करून टाकलंस. आता आवाज मानूच नकोस. नाहीच म्हण."

"हा बाईचा आवाज नव्हेच! कुकरची शिट्टी आहे!"

"अपन्हुती. आहे ते नाकारायचं आणि दुसरंच आहे म्हणायचं."

"आणि शेजारच्या बिल्डिंगीतले लोक गॅस बंद करायला धावतात," शकुने उत्साहात पुढे ढकललं.

"अतिशयोक्ती."

"नाय बाई, खरंच एकदा..."

"अतिशयोक्ती म्हणाले ना! पुढे. सुगंधाबाईंना कशाचीच उपमा पुरी पडत नाही, त्यांच्यासारख्या त्याच. हा अनन्वय. लिही."

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई अंगणवाडीत ओरडल्या, "शकु, ती खिचडी आली की नाही?" आणि शकुच्या तोंडून "अपन्हुती" असं निसटलं. "काय म्हणालीस?" "काय नाय. येतेय म्हटलं." दिवसभर तिला हसू आवरेना. पण संध्याकाळी इरावतीबाईंनी विचारलं तेव्हा तिने अनन्वयाला अपन्हुती म्हटलं आणि अपन्हुतीला उपमान. शिकणं असंच असतं. काल जे हातात आलं ते आज सकाळी बादलीखालून वाहून गेलेलं असतं. इरावतीबाई खवळल्या, शकु त्यांच्यावर खवळली, आणि दोघींनी न बोलता चहा प्यायला. बिस्किटांचा पुडा मधे तसाच राहिला.

खरी लढाई मात्र अलंकारांची नव्हती. ती त्या कवितेचीच होती.

"ही कविता पुन्हा येऊ शकते," इरावतीबाई म्हणाल्या. "रसग्रहण लिहून दाखव."

"कवी खोटं बोलतो, असं लिहू?"

"कवी बोलत नाहीये."

"मग कोण बोलतंय? कवितेखाली छापलंय की त्याचं नाव."

"ते छापणाऱ्याने छापलंय. कवी वेगळा आणि कवितेतला 'मी' वेगळा. कवी कोणाच्याही तोंडून बोलू शकतो. म्हाताऱ्याच्या, झाडाच्या, चोराच्या. आधी बघायचं, तोंड कोणाचं आहे."

शकुने टेबलावर हात मारला. "असं कसं? माझा बाप 'कुंडलिक म्हणे' म्हणायचा तेव्हा कुंडलिकच म्हणायचा. माझ्या बापाने कधी दुसऱ्याचं तोंड लावलं नाय. बोलला त्याची जबाबदारी घेतली. पोलिसांनी एकदा माइक बंद केला तेव्हा पण घेतली!"

"बरोबर! त्यालाच शब्द आहे. नाममुद्रा. शेवटी आपलं नाव घालून कवी स्वतः उभा राहतो, हे मी बोललो म्हणतो. तुझ्या बापाचं गाणं नाममुद्रेचं. तिथे कुंडलिकाची कॉलर धरायला हरकत नाही. पण या कवीने आत नाव घातलेलं नाही. मग त्याची कॉलर कशाला धरतेस? कवितेत कोण आहे ते शोध ना! डोळे आहेत की बटणं?"

नाममुद्रा. शकुने तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा फिरवला. बापाने आयुष्यभर केलं त्याला पुस्तकात नाव होतं, आणि हे तिला कोणी शेहेचाळीस वर्षं सांगितलं नव्हतं. याचा आनंद व्हावा की संताप, तिला ठरवता येईना. म्हणून ती संतापली.

"मला नाय जमत बाई. त्या भाचेसुनेला बसू दे खुर्चीत. मी झाडते आहे तशी झाडेन."

"झाड," इरावतीबाई म्हणाल्या. "निघताना दार ओढून घे. मांजर आत येतं."

शकुने दार असं ओढलं की मांजर काय, वाराही आत शिरला नसता. त्यानंतर चार-पाच दिवस ती पंतनगरला फिरकली नाही. इरावतीबाईंनीही फोन केला नाही. अशा दोन बायका एकमेकींना भेटल्या की मधे कोणी पडत नाही, हेच बरं.

अंगणवाडीला वर पत्रा होता आणि पत्र्याला भोकं होती. ती भोकं बुजवून द्या म्हणून सांगून सांगून शकुचं तोंड दुखलं होतं. दर वेळी "वर कळवलंय" असं उत्तर यायचं. त्या दिवशी पाऊस थांबून कडक ऊन पडलं आणि त्या भोकांमधून फरशीवर उजेडाचे गोल गोल ठिपके सांडले. श्वेता नावाची चार वर्षांची पोर, जी एरवी खाऊच्या वेळेपर्यंत रडतच असायची, ती एकदम गप्प झाली. खाली बसून तिने तो ठिपका चिमटीत धरायचा प्रयत्न केला. मग शकुला हाक मारून म्हणाली, "बाई, लाडू! उजेडाचे लाडू! मला दोन पायजे."

"त्या पत्र्याखाली गोणपाट तरी लाव गो," खुर्चीतून आवाज आला. "माझ्या मोबाइलवर ऊन येतंय."

शकु तशीच उभी राहिली. छप्पर गळतं, तरी चांदण्यांची झालर. कोणी म्हटलं होतं ते? 'माय' कोण म्हणतं? मोठा माणूस भाकर नसली तर दुकान शोधतो, उसनं मागतो, शिवी देतो. रिकाम्या हातात आभाळाची भाकर कोणाला दिसते? उताणं पडून पत्र्याकडे बघणाऱ्या, पोटात काही नसलेल्या, या एवढ्याशा कार्टीला दिसते. आणि पावसात चांदण्या कुठून आल्या म्हणे! पाऊस थांबल्यावर आल्या, दुसरं काय. भोक तर तेच असतं. एवढं साधं आपल्याला दिसू नये, याचीच तिला भयंकर चीड आली. त्याहून जास्त चीड याची, की इरावतीबाईंचं खरं निघालं.

"कवितेत मूल बोलतंय," तिने संध्याकाळी पंतनगरचं दार उघडताच सांगून टाकलं. चप्पलही काढली नव्हती.

"आलीस? बस. कशावरून?"

"'माय' म्हणतंय. भाकर दिसत नाय तर आभाळ दिसतंय. मोठ्याला असलं काय दिसत नाय."

"लिही आता हेच. आभाळाची भाकर म्हणजे काय?"

"रूपक. भाकर नाहीच, म्हणून आभाळच भाकर केलंय." ती थांबली. "पण बाई, मला ही कविता अजून आवडत नाय. मूल बोललं ते ठीक. मुलाला कळत नाय. पण कवीला कळतं ना? घरात मोठं माणूस एकच दाखवलं, रिकाम्या हातांची माय. बाप कुठं गेला? छप्पर कोण शिवणार? त्या पोराच्या आड लपून बसला हा माणूस."

इरावतीबाईंनी कपाळावर हात मारला, पण या खेपेला हळू. "बाई गं, रसग्रहणात शेवटी विचारतात, कविता आवडण्याची वा न आवडण्याची कारणं. 'न आवडण्याची'सुद्धा. तिथे दोन ओळी तुझ्या. गद्यात! गाणं नाही, कानावर हात नाही, कवीला 'या राहाया' नाही. आणि नाव..."

"नाव नाय."

"शप्पथ?"

"बाई, मी लहान आहे का?"

"लहान असतीस तर लवकर शिकली असतीस."

फेरपरीक्षेचं केंद्र विद्याविहारच्या एका शाळेत होतं. शीतलने त्या दिवशी सुट्टी टाकली आणि सकाळच्या पोळ्या केल्या, पोळ्या नव्हेतच त्या, भारताचे नकाशे, असं शकु म्हणाली आणि जाता जाता "अपन्हुती!" असं ओरडून पायऱ्या उतरली. शीतल दारात लाटणं घेऊन उभीच राहिली.

वर्गात सगळी पोरं तिच्या मुलीपेक्षा लहान. पुढच्या बाकावरच्या एकाने वळून विचारलं, "मावशी, सुपरवायझर कुठे गेले?" शकुने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा वळला नाही. पेपर हातात आला. पानं उलटली. आणि तीच. गळते छप्पर, तरी घराला.

"आलास का पुन्हा," शकु पुटपुटली.

या वेळी तिने आधी तोंड कोणाचं ते लिहिलं. मग उपमेय आणि उपमान लिहिताना पेन अडला. तिने सुगंधाबाई आठवल्या, आवाज आठवला, शिट्टी आठवली, आणि भाकरीच्या जागी नेमकं आभाळ बसवलं. झालर नसताना झालर कशी दिसते ते लिहिलं. 'माय' हा शब्द साधा का आणि 'माता' का नाही, तेही लिहिलं. मग आवडण्या-न आवडण्यापाशी आली. हात कानाकडे जायला लागला होता; तिने तो बाकाखाली दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने लिहिलं: 'कविता आवडली, कारण मूल जसं बघतं तसंच त्यात दिसतं. कविता आवडली नाही, कारण छप्पर कोणी दुरुस्त करायचं ते त्यात कुठेच नाही.'

पूर्णविराम दिला. आणि खाली दोन ओळींची मोकळी जागा राहिली.

त्या जागेने तिचा जीव खाल्ला. सबंध उत्तर उघडं पडल्यासारखं वाटत होतं. कुंडलिक असता तर त्याने विचारलं असतं, लिहून झालं, मग नाव कुठंय? 'कुंडलिकाची शकु म्हणे'. एवढंच तर. पेनचं टोक कागदाला टेकलंही. तेवढ्यात पर्यवेक्षक बाजूला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "झालं असेल तर पुरवणी बांधून घ्या, मावशी."

"बांधते हो. पळून चालले नाय," शकु त्यांच्यावर डाफरली आणि त्या रागातच तिने दोरा ओवून गाठ मारली. इतकी घट्ट, की उत्तरपत्रिकेचा कोपरा फाटला.

निकालाच्या दिवशी मोबाइल इरावतीबाईंच्या हातात होता, कारण शीतलच्या हातात देऊन पुन्हा हसू ऐकायची शकुची तयारी नव्हती. इरावतीबाई बोटाने स्क्रीन वर सरकवायच्या, ती खाली जायची. मग चष्मा सापडेना, मग तो डोक्यावरच होता.

"सत्तेचाळीस," शेवटी त्या म्हणाल्या.

"सत्तेचाळीसच?"

"अगं, पास झालीस!"

"एवढं ते उपमेय-उपमान करून सत्तेचाळीसच? तपासणाऱ्याला दिसलं नाय का?"

"दिसलं म्हणूनच सत्तेचाळीस. निबंध वाईट लिहिला असणार तू. तुला आवरता येत नाही." इरावतीबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला, आत गेल्या आणि पेढ्यांचा डबा घेऊन आल्या. तो सकाळीच आणलेला दिसत होता. शकुने त्यावर काही विचारलं नाही. तिने दोन पेढे खाल्ले, एक शीतलसाठी घेतला आणि वाकून नमस्कार करायला गेली तर बाई म्हणाल्या, "गुडघ्याला हात लावू नकोस, दुखतो."

दिवाळीनंतर सुगंधाबाई नारळ आणि साडी घेऊन निवृत्त झाल्या. भाचेसून दहिसरलाच राहिली. शकु सेविका झाली आणि दोन आठवड्यांत तिच्या लक्षात आलं की मोबाइलवरची ती माहिती खरोखरच भरून संपत नाही. सुगंधाबाईंची तिला पहिल्यांदा थोडी कीव आली, फार नाही.

पत्र्याची भोकं होती तिथेच होती. तिने अर्ज दिला. "वर कळवलंय" असं उत्तर आलं. पुन्हा दिला. पुन्हा तेच. मग एक दिवस अंगणवाडीची भिंत रंगवायला पेंटर आला. नितेश त्याचं नाव. त्याने केळं, आंबा, ससा, कासव काढलं आणि म्हणाला, "मावशी, इथे जागा उरलीय, काय काढू? मोर?"

"मोर नको. अक्षरं काढ. मी सांगते तशी. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर चहा मिळणार नाय."

मुख्यसेविका मॅडम तपासणीला आल्या त्या नेमक्या दुपारच्या उन्हात. फरशीवर ठिपके पडलेले, श्वेता त्यांच्यावर पालथी. मॅडमनी वजनकाटा बघितला, खिचडी बघितली, आणि मग ससा-कासवाच्या शेजारची अक्षरं वाचायला लागल्या:

*फरशीवरती सांडून गेले उजेडाचे लाडू,*
*उचलू जाता हाती न येती, सांगा कसे वाढू?*
*भोकांतूनच ऊन येतं, पाऊसही येतो बाई,*
*कुंडलिकाची शकु म्हणे, पत्र्याची करा घाई!*

मॅडमनी एकदा वर पत्र्याकडे पाहिलं, एकदा खाली फरशीकडे. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "सरकारी भिंतीवर हे कोणी लिहिलं?"

शकुला खरंच वैताग आला. एवढी शिकलेली बाई.

"मॅडम, शेवटच्या ओळीत नाव आहे ना," ती म्हणाली. "पुरतं वाचा की."